लेस्बॉसच्या आखाताकाठची शाळा

एजियन समुद्रातल्या लेस्बॉस या ग्रीक बेटाचा नकाशा पाहिला की आधी नजरेत भरतं ते कलोनीचं आखात. एका अरुंद तोंडातून समुद्र बेटाच्या पोटात शिरतो आणि आत 20 किलोमीटरच्या आसपास लांबीचं उथळ, निवांत पाणी पसरतं. आजही तिथली सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतली मासळी, साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेली आहे. या आखाताच्या पूर्व काठावर प्राचीन काळी पायऱ्हा नावाचं गाव होतं. इ.स.पू. 345 च्या सुमारास अथेन्सहून निघालेला चाळिशीचा एक तत्त्वज्ञ मधला काही काळ समोरच्या आशियाई किनाऱ्यावर राहून या बेटावर आला आणि दोनेक वर्षं राहिला. त्याचं नाव ॲरिस्टॉटल. प्लेटोच्या अकादमीत त्यानं 20 वर्षं काढली होती. इ.स.पू. 347 च्या आसपास प्लेटो वारला आणि तो तिथून बाहेर पडला. लेस्बॉसवर त्याला थिओफ्रास्टस हा सोबती लाभला. तो याच बेटावरच्या एरेसोस गावचा. अथेन्समधली सगळ्यात तालेवार विद्या आणि बेटावरची मासेमारी यांची गाठ या दोघांच्या कामात पडली. सागरी जीवशास्त्राचा पहिला पाया इथे घातला गेला असं म्हणायला भक्कम आधार आहे.

हा इतिहास सांगताना एक सोपी मांडणी नेहमी केली जाते. ॲरिस्टॉटलनं पुस्तकी तत्त्वज्ञान मागे टाकलं, तो समुद्राकडे वळला आणि म्हणून विज्ञान जन्माला आलं, अशी. ती मला चुकीची वाटते. त्यानं काहीच टाकलं नाही. अकादमीत शिकलेली विचाराची शिस्त, कोळ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेली माहिती आणि स्वतःच्या हातानं चिरून पाहिलेला प्राणी, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच्यासमोर होत्या. त्या एकत्र होत्या तिथे त्याचं म्हणणं 2,000 वर्षांनंतरही खरं ठरलं. त्यातली एखादी सुटली तिथे तो चुकला, आणि त्याच्यामागून आलेलेही चुकले. पारंपरिक विद्या आणि सागराचा अभ्यास यांची एकत्र शाळा असावी का, या प्रश्नाचं उत्तर शोधायला या बेटाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

आधी अकादमीची विद्या. प्लेटोच्या शाळेत वस्तूंची व्याख्या करायची एक पद्धत शिकवत. कुठलाही वर्ग घ्यायचा आणि त्याचे दोन भाग पाडायचे, मग त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. प्राण्यांचे जमिनीवरचे आणि पाण्यातले, पंखांचे आणि बिनपंखांचे, असे भाग पडत जातात. वर्गात बसून हे फार नीटनेटकं दिसतं. पण मुंग्यांना पंख असतात आणि नसतातही. पक्ष्यांमधले काही पाण्यात राहणारे, काही जमिनीवरचे, म्हणून एकाच घराण्याची फाळणी होते. आणि डॉल्फिनचं काय करायचं? तो जन्मभर पाण्यात राहतो, पण त्याला फुप्फुसं आहेत, तो वर येऊन श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो आणि दूध पाजतो. त्याचे स्तन बाहेरून दिसत नाहीत, जननेंद्रियाजवळ दोन्ही बाजूंना एकेक फट असते, तिच्यातून दूध येतं आणि पिल्लू मागोमाग पोहत ते पितं, इतक्या बारकाईनं ॲरिस्टॉटल हे लिहितो. प्राण्याची ओळख एका लक्षणावरून करायची नाही, अनेक लक्षणं एकत्र पाहायची, हा निष्कर्ष त्यानं ‘प्राण्यांचे अवयव’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात गुरूच्या पद्धतीवर टीका करत मांडला. ही टीका करायची, तर ती पद्धत आधी पक्की ठाऊक असावी लागते. अकादमीत न गेलेल्या माणसाला डॉल्फिन दिसला असता, पण त्यात अडचण आहे हे दिसलं नसतं. आधुनिक वर्गीकरणाचे जनक मानले जाणारे लिनियस यांनी 1735 च्या पहिल्या आवृत्तीत देवमाशांना माशांतच बसवलं होतं. ते सस्तन प्राण्यांत आले 1758 च्या दहाव्या आवृत्तीत. लेस्बॉसचा तत्त्वज्ञ त्यांच्या 2,000 वर्षं पुढे होता.

आता कोळी. ॲरिस्टॉटलच्या प्राणिग्रंथांत मच्छीमारांचा हवाला पुन्हापुन्हा येतो. डॉल्फिन किती वर्षं जगतो? 25 वर्षं, काही 30 वर्षंही, असं तो सांगतो आणि हे कसं कळलं तेही सांगतो. कोळी जाळ्यात आलेल्या डॉल्फिनच्या शेपटीला खाच पाडून त्याला सोडून देत. पुढे तोच प्राणी पुन्हा दिसला की वयाचा हिशेब लागे. आज संशोधक माशांना खुणेची पट्टी लावून पाण्यात सोडतात, कासवांच्या पाठीवर यंत्र बसवतात, त्या सगळ्या पद्धतींचं मूळ या खाचेत आहे. खाच पाडणारा कोळी होता आणि तिची नोंद घेण्याजोगी वाटली ती तत्त्वज्ञाला. दोघांपैकी एकजण नसता तर हे आपल्यापर्यंत पोचलं नसतं.

पण कोळ्यांचं म्हणणं त्यानं डोळे मिटून घेतलं नाही, आणि इथे गोष्ट खरी रंगते. त्या काळी एक समजूत पक्की होती की मासळीची मादी नराचं वीर्य गिळते आणि त्यातून तिला गर्भ राहतो. इतिहासकार हिरोडोटसनंही तसंच लिहून ठेवलं होतं. ॲरिस्टॉटलनं ते खोडून काढलं, तेही शरीररचनेच्या आधारे. तोंडातून आत गेलेली वस्तू जठरात जाते, गर्भाशयात नव्हे, आणि जठरात गेलेल्याचं अन्न होतं. मग कोळ्यांना असं का वाटलं? त्याचं उत्तर असं की माशांचं मीलन क्षणात उरकतं, आणि केवळ जाणून घ्यायचं म्हणून ते निरखत बसायला कोळ्याला सवड नसते. इथे शिकलेला माणूस बरोबर निघाला. दुसऱ्या ठिकाणी नेमकं उलट झालं. कोळी सांगत की नर ऑक्टोपसचा एक हात वेगळा असतो, टोकाशी निमुळता, फिकट रंगाचा, आणि मीलनाच्या वेळी तो त्याच हाताचा उपयोग करतो. ॲरिस्टॉटलनं त्या हाताचं वर्णन लिहून ठेवलं. पण प्रजननाची आपली उपपत्ती मांडायची वेळ आली तेव्हा त्यानं कोळ्यांचं म्हणणं बाजूला सारलं. हात शरीराच्या मार्गांच्या बाहेर आहे, तेव्हा त्याचा प्रजननाशी संबंध असू शकत नाही, असा त्याचा तर्क. तर्क सुबक होता आणि चुकीचा होता. पुढे 1829 मध्ये फ्रान्सच्या थोर शरीरशास्त्रज्ञ क्युव्हिए यांना ऑक्टोपसच्या एका नातलगाच्या मादीच्या शरीरात असाच तुटलेला हात सापडला, तो त्यांनी चक्क परजीवी किडा समजून त्याला प्राण्याचं नाव दिलं. तो नराचा हात आहे आणि वीर्य पोचवणं हेच त्याचं काम आहे, हे 1850 च्या दशकात कुठे मान्य झालं. एजियन समुद्रातल्या कोळ्यांना ते ठाऊक होतं, आणि ग्रंथातही लिहिलेलं होतं.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की कोणाचं पारडं जड या वादात अर्थ उरत नाही. मच्छीमाराचं ज्ञान हे खरं ज्ञान आहे, पण ते तपासायला हवं. ग्रंथातला तर्क ही खरी ताकद आहे, पण त्यालाही समुद्राचा हिशेब चुकवता येत नाही. तपासण्याचं काम चिरून पाहण्यानं होतं. ॲरिस्टॉटलनं पाहिलेला गुळगुळीत कातडीचा लहान शार्क घ्या. बहुतेक मासे अंडी घालतात. या शार्कची पिल्लं आईच्या गर्भाशयात वाढतात आणि प्रत्येक पिल्लाची नाळ गर्भाशयाच्या भिंतीला जणू चूषकानं चिकटलेली असते, दुसरं टोक पिल्लाच्या पोटाशी, यकृताजवळ. नाळ आणि वार या तर माणसाच्या, गाईच्या, शेळीच्या गोष्टी. त्या माशात आहेत असं लिहायला पोट उघडून पाहिलेलं असावं लागतं आणि आपण काय पाहतो आहोत हे कळायला जनावरांच्या गर्भाची माहिती असावी लागते. ॲरिस्टॉटल राजवैद्याचा मुलगा होता. हे वर्णन शतकानुशतकं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान्स म्युलर यांनी 1842 मध्ये ‘ॲरिस्टॉटलचा गुळगुळीत शार्क’ याच विषयावर प्रबंध प्रसिद्ध करून ते शब्दशः खरं असल्याचं दाखवून दिलं.

इथे पहिला आक्षेप येतो. दोन मित्र एका आखाताकाठी मासे चिरत बसले, याला शाळा म्हणायचं का? इमारत नाही, नेमलेले विद्यार्थी नाहीत. शिवाय हे काम लेस्बॉसवरच झालं हे तरी कशावरून? त्याचे प्राणिग्रंथ आयुष्याच्या अखेरीस अथेन्समध्ये लिहिले गेले असं काही अभ्यासक मानत, आणि त्या वादावर पूर्ण पडदा पडलेला नाही. पण ग्रंथांतली स्थळनामं बोलकी आहेत. पायऱ्ह्याचं आखात, लेस्बॉस आणि समोरचा किनारा ही नावं त्यात वारंवार येतात. स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ डार्सी वेंटवर्थ थॉम्पसन यांनी 1910 मध्ये ‘प्राण्यांचा इतिहास’ या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करताना याकडे लक्ष वेधलं, आणि 1948 मध्ये एच. डी. पी. ली यांनी या स्थळनामांवरूनच सविस्तर युक्तिवाद केला. हिवाळ्यात आखातातलं पाणी फार गार होतं म्हणून गोबीची एक जात सोडून बाकीचे मासे बाहेरच्या समुद्रात निघून जातात आणि उन्हाळ्यात परततात, अशी नोंद त्या काठावर ऋतू काढल्याशिवाय कोणाला सुचत नाही. शेवटचा हात अथेन्समध्ये फिरवला असेल, पण कच्चा माल या पाण्यातला आहे.

आणि शाळेचं म्हणाल, तर तिची खूण विद्यार्थ्यांच्या हजेरीपटात शोधू नये, पुढे काय चाललं त्यात शोधावी. इ.स.पू. 335 च्या सुमारास ॲरिस्टॉटलनं अथेन्समध्ये लायसियम ही आपली संस्था उभी केली. त्याच्या पश्चात ती एरेसोसच्या थिओफ्रास्टसनं चालवली, तीन दशकांहून अधिक काळ. बेटावर जी पद्धत बसली ती थिओफ्रास्टसनं वनस्पतींना लावली. त्याच्या ‘वनस्पतींचा शोध’ या नऊ भागांच्या ग्रंथात समुद्रातल्या वनस्पतींना स्वतंत्र जागा आहे. अलेक्झांडरच्या मोहिमेतून परतलेल्यांनी आणलेली माहितीही त्यानं तिथे नोंदवली. त्यात फांद्यांपासून जमिनीकडे मुळं सोडणारा आपला वड आहे, कापूस आहे, भात आहे, आणि खाऱ्या पाण्यात उभी राहणारी इराणी आखाताकडची तिवरंही आहेत. वडाच्या पारंब्या फांद्यांतून निघतात हे त्यानं स्वतः न पाहता बरोबर लिहिलं, कारण कोणाला काय विचारायचं हे त्याला ठाऊक होतं. निसर्गातली प्रत्येक गोष्ट कशासाठी तरीच असते या ॲरिस्टॉटलच्या आवडत्या मतावर त्यानं शंकाही घेतल्या. वारसानं गुरूला प्रश्न विचारावेत, हे त्या शाळेचं सगळ्यात चांगलं लक्षण आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हीच परंपरा पुढे विज्ञानाच्या मानगुटीवर बसली ना? ॲरिस्टॉटलनं लिहिलं म्हणजे खरं, असं युरोपात शेकडो वर्षं मानलं गेलं. त्यानं लिहिलं होतं की ईल, म्हणजे आपल्या वामीसारखा दिसणारा लांबोळका मासा, अंड्यांतून येत नाही, चिखलातून आपोआप तयार होतो. का, तर कोणत्याही ईलच्या पोटात त्याला अंडी किंवा वीर्य सापडलं नाही. हा गैरसमज टिकला. पण इथे नीट पाहायला हवं. ॲरिस्टॉटलचं निरीक्षण खोटं नव्हतं. नद्या-तळ्यांत सापडणाऱ्या ईलची जननेंद्रियं खरोखरच पक्व नसतात. 1876 मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइड यांनी त्रिएस्तला याच शोधापायी 400 च्या आसपास ईल चिरले आणि त्यांनाही निर्णायक उत्तर मिळालं नाही. ईल अंडी घालायला हजारो किलोमीटर पोहत अटलांटिकमधल्या सरगासो समुद्राकडे जातात, हे डेन्मार्कच्या योहानस श्मिट यांनी 1920 च्या दशकात दाखवलं, त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं समुद्रभर जाळी ओढावी लागली. ॲरिस्टॉटलची चूक समुद्राच्या टप्प्याची होती. ग्रंथाला प्रमाण मानणाऱ्यांची चूक वेगळी, त्यांनी जाळं टाकणंच सोडून दिलं. मधमाश्यांच्या जन्माविषयी लिहिताना ॲरिस्टॉटल स्वतः स्पष्ट सांगतो की अजून पुरेशी माहिती हाती आलेली नाही, ती येईल तेव्हा सिद्धांतापेक्षा निरीक्षणावर भरवसा ठेवावा. ज्यांनी त्याचे ग्रंथ घोकले त्यांनी हेच नेमकं वाचलं नाही. परंपरेचा दोष म्हणून जे दाखवलं जातं, तो बहुतेक वेळा परंपरा अर्धवट वाचल्याचा दोष असतो.

पुस्तकं बाजूला ठेवून फक्त निसर्गाकडे जा, या उलट टोकाच्या उपदेशाचीही परीक्षा एका बेटावर झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ पेनिकीस नावाचं लहानसं बेट आहे. न्यूयॉर्कचे तंबाखूचे व्यापारी जॉन अँडरसन यांनी ते बेट आणि 50,000 डॉलर दिले आणि 8 जुलै 1873 रोजी तिथे लुई अगासी यांनी सागरी अभ्यासाची उन्हाळी शाळा उघडली. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अगासी पॅरिसला क्युव्हिए यांच्या हाताखाली तयार झालेले आणि तोवर हार्वर्डमधले सगळ्यात प्रसिद्ध प्राध्यापक. सुमारे 50 विद्यार्थी आले, त्यातले पुष्कळसे शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक होते आणि स्त्रियाही होत्या, जी त्या काळी विशेष गोष्ट. पुस्तकं नव्हे, निसर्ग वाचा, हा अगासींचा लाडका उपदेश, तो तिथे फलकावर लिहिलेला होता. मासा समोर ठेवायचा आणि तासन् तास पाहत राहायचं, ही त्यांची शिकवण्याची रीत.

पण स्वतः अगासी काय वाचून घडले होते? ॲरिस्टॉटलनं लिहिलं होतं की ग्रीसच्या एका नदीतल्या मार्जारमीनाचा नर अंड्यांची राखण करतो, 40 ते 50 दिवस जागचा हलत नाही आणि लहान मासे आले तर त्यांना हुसकावतो. युरोपातल्या परिचित मार्जारमीनात असं काही आढळत नव्हतं, म्हणून ही भाकडकथा मानली जात असे. अगासींनी अमेरिकेतल्या मार्जारमीनांना घरटं राखताना पाहिलं होतं. त्यांना वाटलं, कदाचित ॲरिस्टॉटलचा मासाच वेगळा असेल. 1850 च्या दशकात त्यांनी ग्रीसहून त्या नदीतले नमुने मागवले आणि ती जात खरोखर निराळी निघाली. आज तिच्या शास्त्रीय नावात ॲरिस्टॉटलचं नाव आहे. हा शोध लागला कारण अगासींनी पुस्तक वाचलं होतं आणि मासाही पाहिला होता. त्यांचा उपदेश शब्दशः घेतला असता तर त्यांनाच तो शोध लागला नसता.

पेनिकीसची शाळा दोन उन्हाळे चालली. 1873 च्या डिसेंबरात अगासी वारले, पुढच्या वर्षी त्यांचे पुत्र अलेक्झांडर यांनी ती चालवली आणि मग ती बंद पडली. एका माणसाच्या तेजावर आणि एका दात्याच्या पैशांवर उभ्या असलेल्या संस्थेचं बहुधा असंच होतं. शिवाय अगासी डार्विनच्या उत्क्रांतिवादाचे कट्टर विरोधक होते आणि मानववंशांविषयीची त्यांची मतं घातक होती. हे लपवण्यात काही हशील नाही. तरीही शाळेनं दिलेली दृष्टी गुरूच्या मतांपेक्षा बळकट ठरली. तिथून गेलेले डेव्हिड स्टार जॉर्डन आणि विल्यम कीथ ब्रुक्स दोघेही उत्क्रांतिवादी झाले. ब्रुक्स यांनी 1878 मध्ये चेसापीक उपसागरात सागरी प्रयोगशाळा सुरू केली. पेनिकीसलाच शिकलेले चार्ल्स ओटिस व्हिटमन हे 1888 मध्ये जवळच वुड्स होल इथे स्थापन झालेल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. पेनिकीसला 1874 मध्ये शिकलेल्या कॉर्नेलिया क्लॅप तिथे पहिल्यापासून होत्या. वुड्स होलनं पेनिकीसच्या दोन्ही उणिवा भरून काढल्या. कारभार एका माणसाच्या हाती न ठेवता अनेक संस्थांच्या सहकार्यावर ठेवला आणि जाळ्यांइतकंच लक्ष ग्रंथालयाकडे दिलं. पेनिकीसचा तो पुस्तकांविरुद्धचा फलक आज त्याच ग्रंथालयात जपलेला आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. जनुकं वाचता येतात, उपग्रहावरून समुद्राचं तापमान मोजता येतं, मग 2,300 वर्षांपूर्वीचा ग्रीक ग्रंथ आणि म्हाताऱ्या कोळ्यांच्या गोष्टी कशाला? याचं उत्तर कलोनीच्या आखातातच आहे. ॲरिस्टॉटल सांगतो की पायऱ्ह्याच्या आखातातले स्कॅलप, म्हणजे पंख्याच्या आकाराचे खाण्याचे शिंपले, एकदा नाहीसे झाले. कारणं त्यानं दोन दिली आहेत. एक, तळ खरवडून काढणारं मासेमारीचं अवजार आणि दुसरं, दुष्काळ. म्हणजे अति मासेमारी आणि बिघडलेलं हवामान, दोन्ही एकाच वाक्यात. समुद्रात पूर्वी काय होतं हे ठाऊक नसेल तर आज काय गमावलं ते कसं कळणार? प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीचा समुद्र हाच मूळ समुद्र समजते आणि त्याच्याशी तुलना करते. उपग्रहाची नोंद काही दशकांची, मत्स्यखात्याची फार तर शतकभराची. त्याच्या मागचं सगळं जुन्या ग्रंथांत, बंदरांच्या दप्तरांत आणि कोळ्यांच्या आठवणींत आहे. ते वाचायला भाषा यावी लागते आणि त्याचा अर्थ लावायला प्राणिशास्त्र यावं लागतं. थॉम्पसन यांना दोन्ही येत होतं. डंडीत प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं फर सीलच्या पाहणीसाठी 1896 मध्ये बेरिंग समुद्र गाठला, ॲरिस्टॉटलचा अनुवाद केला, प्राण्यांच्या आकारांमागचं गणित उलगडणारा ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ हा ग्रंथ 1917 मध्ये लिहिला आणि 1947 मध्ये ग्रीक साहित्यातल्या माशांचा कोश पूर्ण केला. ग्रीक येणारे पंडित पुष्कळ होते आणि मासे ओळखणारेही. पण तो कोश करू शकेल असा माणूस एखादाच, कारण शाळांनी हे दोन रस्ते फार लवकर वेगळे केले.

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिला पळवाट नाही. दोन विद्या एकत्र शिकवायच्या तर वेळ जास्त लागतो, शिक्षक दुर्मिळ असतात, आणि दोन्हींत वरवरचं शिकून बाहेर पडण्याचा धोका असतो. लेस्बॉसवर हे साधलं कारण ॲरिस्टॉटलपाशी 20 वर्षांची तयारी होती. म्हणून मी असं म्हणणार नाही की प्रत्येक विद्यार्थ्याला ग्रीक किंवा संस्कृत शिकवा आणि मग जाळं हाती द्या. क्रम उलटा चालेल, प्रमाण कमी-जास्त चालेल. पण एक विद्या दुसरीचा अडथळा आहे, या समजुतीवर अभ्यासक्रम बेतले जाऊ नयेत.

ही गोष्ट आपल्या किनाऱ्यापासून लांबची नाही. ॲरिस्टॉटलच्या शार्कसारखीच नाळ आणि वार असणारा मासा कोकणात रोज बाजारात येतो. ती आपली मुशी. प्राणिशास्त्रात तिला स्कोलिओडॉन म्हणतात. तिचं अंडं अवघ्या एखाद्या मिलीमीटरचं, त्यात बलक जवळजवळ नाहीच, त्यामुळे पिल्लू सगळं पोषण आईच्या वारेतून घेतं. शार्कांमध्ये ही व्यवस्था इतकी विकसित क्वचितच दिसते. मुंबईच्या मत्स्यखात्याशी संबंधित सेटना आणि सारंगधर यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या शार्क आणि पाकटांच्या वाढीवर 1948 मध्ये निबंध प्रसिद्ध केले, त्यात मुशीचा गर्भही होता. भारतभरच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यानपिढ्या हीच मुशी ट्रेवर घेऊन चिरली, तिच्या रोहिण्यांची आकृती वहीत काढली आणि परीक्षा दिली. विच्छेदनावर अलीकडे निर्बंध आले आणि ते योग्यच आहे. पण ट्रे गेला म्हणून मुशी अभ्यासातून जाण्याचं कारण नाही.

अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी इथल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. वर्षातला एक तास ‘प्राण्यांचा इतिहास’ या ग्रंथाच्या सहाव्या भागातलं शार्कचं प्रकरण वर्गात वाचायला द्यावा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच विद्यार्थ्यांना बंदरावर घेऊन जावं. तिथे मुशी साफ करणाऱ्या कोळिणीला विचारावं की पोटात पिल्लं कोणत्या महिन्यात सापडतात, किती असतात, आणि पूर्वी जास्त सापडत होती का. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून घ्यावं आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावं.